फ्लोसॉल्व्हर, परम आणि मान्सूनचे गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि शेतकरी अशा दोन्ही श्रोत्यांसमोर फ्लोसॉल्व्हर व परम या भारतात बांधलेल्या संगणकांविषयी आणि संगणकावर मान्सूनचा अंदाज काढण्याविषयी बोलताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. विद्यार्थ्यांचे प्रश्न यंत्राविषयी असतात आणि शेतकऱ्यांचे पावसाविषयी, परंतु दोन्हींचे उत्तर बहुतेक वेळा एकाच जागी सापडते.

बहुसंगणक म्हणजे नेमके काय?

आकडेमोड करणारे अनेक प्रोसेसर, प्रत्येकाची स्वतःची मेमरी आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे मार्ग, अशी रचना असलेल्या यंत्राला बहुसंगणक म्हणतात. येथे एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या मेमरीत थेट डोकावता येत नाही. शेजाऱ्याकडचा आकडा हवा असेल, तर तो संदेश पाठवून मागवावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. या लेखातील जवळजवळ प्रत्येक अडचण या थांबण्यातूनच निर्माण झालेली आहे, म्हणून ही व्याख्या सुरुवातीलाच नीट समजून घ्यावी.

पावसाचा अंदाज सांगण्यासाठी एवढी आकडेमोड का लागते?

वातावरण म्हणजे वाहणारी हवा. तिचा वेग, तापमान, दाब आणि तिच्यातील बाष्प यांचे नियम समीकरणांच्या रूपात माहीत आहेत, पण ती समीकरणे कागदावर सोडवून सरळ उत्तर मिळत नाही. म्हणून पृथ्वीवर कल्पनेने जाळे टाकतात, जाळ्याच्या प्रत्येक बिंदूवर आजची स्थिती मांडतात आणि काही मिनिटांनंतरची स्थिती काढतात. मग त्या उत्तरावरून पुढच्या काही मिनिटांची, आणि असे पुढे पुढे जातात.

१९९० च्या दशकात दिल्लीत वापरात असलेल्या टी-८० या मॉडेलचे, म्हणजे असे गणित करणाऱ्या संगणक-प्रोग्रामचे, उदाहरण घ्या. त्याच्या जाळ्यात पूर्व-पश्चिम २५६ आणि उत्तर-दक्षिण १२८ बिंदू होते आणि जमिनीपासून वर १८ थर होते. गुणाकार केला तर ५,८९,८२४ बिंदू होतात. काळाचा एक टप्पा १५ मिनिटांचा धरला, तर पाच दिवसांच्या अंदाजासाठी असे ४८० टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक बिंदूसाठी अनेक राशी नव्याने काढाव्या लागतात. हे सगळे पाच दिवस उलटून जाण्याच्या आत, खरे तर काही तासांतच, पूर्ण व्हायला हवे. बुधवारचा पाऊस गुरुवारी कळला, तर त्याला अंदाज म्हणता येत नाही.

जाळे बारीक करायचे ठरवले की हिशेब झपाट्याने वाढतो. बिंदूंमधील अंतर निम्मे केले की जमिनीवरील बिंदू चौपट होतात आणि काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम आठपट होते. उभे थरही दुप्पट केले तर ते सोळापट होते.

काम वाटून घेण्याची ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे, हे खरे आहे का?

होय. ब्रिटिश गणिती लुईस फ्राय रिचर्डसन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असे. त्या धामधुमीत त्याने २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन केवळ सहा तासांच्या बदलाचे गणित हाताने सोडवले. उत्तर आले सहा तासांत १४५ हेक्टोपास्कल दाबवाढीचे, आणि त्या दिवशी प्रत्यक्षात दाब जवळपास स्थिर होता. त्याचे हस्तलिखित १९१७ च्या धुमश्चक्रीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. एवढे चुकलेले उत्तर त्याने लपवले नाही. १९२२ साली पुस्तकात ते जसेच्या तसे छापले. मला त्याच्याविषयी वाटणाऱ्या आदराचे हे मुख्य कारण आहे.

त्याच पुस्तकात त्याने एक विशाल गोल सभागृह कल्पिले आहे. भिंतींवर जगाचा नकाशा आहे आणि ६४,००० माणसे आपापल्या भागाचे गणित करत बसली आहेत. मध्यभागी उंच खांबावर एक संचालक आहे. जो भाग पुढे धावतो आहे त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो आणि जो मागे पडला आहे त्यावर निळा. सर्वांनी एका लयीत पुढे सरकले पाहिजे, ही बहुसंगणकाची खरी गरज, एकही यंत्र नसताना त्याने ओळखली होती. पुढे १९५० साली अमेरिकेत एनियाक या सुरुवातीच्या संगणकावर चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन या शास्त्रज्ञांनी पहिले यशस्वी अंदाज काढले, तेव्हा २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागत होते.

भारतात हवामानासाठी पहिला महासंगणक कोणता आला?

मध्यम पल्ल्याच्या, म्हणजे साधारण तीन ते दहा दिवसांच्या अंदाजासाठी १९८८ साली दिल्लीत राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र स्थापन झाले आणि त्यासाठी अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी/१४ हा संगणक घेतला गेला. भारताने याहून मोठ्या, दोन प्रोसेसरच्या यंत्राची मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. मिळाले ते एका प्रोसेसरचे यंत्र, आणि तेही वापरावर कडक अटी घालून. नावातील १ म्हणजे एक प्रोसेसर आणि ४ म्हणजे ४० लाख शब्दांची मेमरी. एक शब्द आठ बाइटचा, म्हणजे एकूण ३२ मेगाबाइट. आज मोबाइलमधील आठ-दहा छायाचित्रे एवढी जागा सहज खातात. तरीही १ जून १९९४ पासून याच यंत्रावर टी-८० मॉडेल नियमितपणे चालू लागले आणि देशाला रोजचा, संगणकाने काढलेला जागतिक अंदाज स्वतःच्या घरी मिळू लागला.

फ्लोसॉल्व्हर काय होता आणि तो विमानांच्या प्रयोगशाळेत का तयार झाला?

बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत, रोद्दम नरसिंह संचालक असताना, डॉ. यू. एन. सिन्हा यांच्या गटाने १९८६ मध्ये हे यंत्र उभे केले. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते हे काढण्यासाठी मोठा संगणक हवा होता आणि तो विकत मिळत नव्हता. मग बाजारात सहज मिळणारे साधे प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून एकच काम करून घ्यायचे ठरले. पहिल्या फ्लोसॉल्व्हरमध्ये इंटेलचे केवळ चार ८०८६ प्रोसेसर होते आणि अपूर्णांकांच्या गणितासाठी प्रत्येकाच्या जोडीला ८०८७ ही चिप होती. त्या काळात कार्यालयांतील टेबलांवर जे संगणक दिसत, त्यांच्याच घराण्यातील हे प्रोसेसर होते.

पंखावरची हवा आणि अरबी समुद्रावरची हवा ही एकाच समीकरणांची लेकरे आहेत. फरक आहे तो आकाराचा, पृथ्वीच्या फिरण्याचा आणि बाष्पाचा. त्यामुळे पंखासाठी बांधलेले यंत्र मान्सूनकडे वळले, यात नवल नाही. दुसऱ्या पिढीत ८०३८६ आणि तिसऱ्या पिढीत आय-८६० हे प्रोसेसर आले आणि या तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर दिल्लीचे टी-८० मॉडेल चालवून दाखवण्यात आले. भारतात मान्सूनचे जागतिक मॉडेल अनेक प्रोसेसरवर वाटून चालवण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत याचे स्थान फार वरचे आहे. आमच्या भागातील विद्यार्थ्यांना परम ठाऊक असतो, पण फ्लोसॉल्व्हरचे नाव त्यांनी ऐकलेलेही नसते, याची मला मनापासून खंत वाटते.

मग परमचा यात वाटा कोणता?

पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तीन वर्षांत परम ८००० तयार झाला आणि १९९१ मध्ये तो जगापुढे आला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाची चिप वापरली होती. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीने ही चिप समांतर कामासाठीच घडवली होती आणि तिच्या अंगावरच चार दुवे होते. प्रत्येक चिप चार शेजाऱ्यांना तारांनी जोडायची की जाळे तयार. बहुसंगणकाची व्याख्या डोळ्यांनी पाहायची असेल, तर ट्रान्सप्यूटरच्या पाटीइतके चांगले चित्र दुसरे नाही. १९९० च्या दशकात परम, फ्लोसॉल्व्हर आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा अनुपम या देशी यंत्रांवर हवामानाचे मॉडेल उतरवण्याचे प्रयत्न झाले.

पृथ्वीभरचे गणित चार-आठ प्रोसेसरमध्ये वाटतात तरी कसे?

पहिला विचार सुचतो तो शेतीच्या वाटणीसारखा. नकाशाचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक प्रोसेसरला एक पट्टा द्यायचा. बांधावर मात्र अडचण येते, कारण माझ्या पट्ट्याच्या कडेचा पुढचा आकडा काढायला शेजाऱ्याच्या कडेचा आजचा आकडा लागतो.

मी हा प्रयोग वर्गात करतो. आठ विद्यार्थ्यांना एका बाकामागे एक बसवतो, प्रत्येकाला आखीव कागदावरच्या दोन ओळी देतो आणि सांगतो की प्रत्येक चौकोनातील नवा आकडा म्हणजे वरच्या, खालच्या, डाव्या व उजव्या चौकोनांची सरासरी. प्रत्येक फेरीनंतर कडेच्या ओळीचे आकडे चिठ्ठीवर लिहून पुढच्या आणि मागच्या बाकावर द्यायचे. पहिल्या फेरीत सगळे उत्साहाने लिहितात. तिसऱ्या फेरीपर्यंत पाचव्या बाकावरचा मुलगा भागाकारात अडकतो, चौथा आणि सहावा त्याच्या चिठ्ठीची वाट पाहत पेन टेबलावर ठेवतात, आणि पुढच्या काही फेऱ्यांत संपूर्ण रांग थांबलेली असते. आठ जणांमुळे वेळ आठव्या हिश्शावर यायला हवा होता. तो त्याच्या दुपटीच्याही पुढे जातो. रिचर्डसनचा निळा दिवा कशासाठी होता, हे त्या क्षणी कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

टी-८० चे प्रकरण याहून अवघड होते, कारण ते स्पेक्ट्रल पद्धतीचे मॉडेल होते. त्यात वाऱ्याचे आणि दाबाचे चित्र लहानमोठ्या लहरींची बेरीज म्हणून मांडलेले असते. ८० हा आकडा लहरींच्या मर्यादेचा आहे. एका अक्षवृत्तावरील आकड्यांच्या लहरी काढायच्या असतील, तर त्या एका अक्षवृत्ताचीच माहिती पुरते. म्हणून अक्षवृत्ते प्रोसेसरमध्ये वाटली जातात. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतील समान अक्षवृत्तांची जोडी एकाकडे दिली की सममितीचा फायदा मिळतो. १२८ अक्षवृत्तांच्या अशा ६४ जोड्या होतात. ढग, पाऊस आणि सूर्याची उष्णता यांचे गणित तर प्रत्येक बिंदूच्या वरच्या हवेच्या स्तंभापुरतेच असते, म्हणून तेही निर्धास्तपणे वाटता येते.

परंतु पुढच्या पायरीवर उत्तर-दक्षिण दिशेची बेरीज करावी लागते आणि तिच्यात सर्व अक्षवृत्तांचा वाटा असतो. म्हणजे येथे नुसत्या शेजाऱ्याची चिठ्ठी पुरत नाही, प्रत्येकाचा आकडा प्रत्येकापर्यंत पोहोचावा लागतो, आणि हे काळाच्या प्रत्येक टप्प्यावर घडते. फ्लोसॉल्व्हरच्या गटाने या बेरजेचाच पिच्छा पुरवला. पुढच्या पिढ्यांत त्यांनी फ्लोस्विच नावाचा असा दुवा बांधला की जो आकडे नुसते पोहोचवत नसे, तर वाटेतच त्यांच्यावर प्रक्रियाही करत असे. आपल्या गणिताचे दुखणे नेमके कोठे आहे हे ओळखून त्याच जागी यंत्र बदलणे, हे मला या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत बुद्धिमान काम वाटते.

प्रोसेसर दुप्पट केले की वेळ निम्मा होतो का?

होत नाही. कपाशीची वेचणी डोळ्यांसमोर आणा. वीस बाया वेचायला लावल्या की वेचणी लवकर आटोपते, पण संध्याकाळी बांधावर काटा एकच असतो आणि प्रत्येकीचे गाठोडे त्याच काट्यावर तोलायचे असते. बाया चाळीस केल्या तरी काटा वेगाने चालत नाही.

हिशेबाने सांगायचे तर १०० मिनिटांच्या कामातील ५ मिनिटांचे काम वाटता येत नसेल, तर ६४ प्रोसेसर लावूनही उरलेल्या ९५ मिनिटांची सुमारे दीड मिनिटे होतील आणि ती ५ मिनिटे तशीच राहतील. एकूण साडेसहा मिनिटे, म्हणजे वेग ६४ पट न वाढता सुमारे १५ पटच वाढला. प्रोसेसर कितीही वाढवले तरी २० पटीच्या पलीकडे जाता येणार नाही. हा मुद्दा संगणक अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात संदेशांचा वेळ अजून धरलेलाही नाही.

एकच मॉडेल दोन यंत्रांवर वेगवेगळी उत्तरे का देते?

संगणक अपूर्णांक मर्यादित अंकांपर्यंतच लिहितो आणि प्रत्येक बेरजेनंतर शेवटचा अंक छाटतो. त्यामुळे तेच आकडे वेगळ्या क्रमाने मिळवले, तर शेवटच्या अंकात फरक पडतो. चार प्रोसेसरनी केलेली बेरीज आणि आठ प्रोसेसरनी केलेली बेरीज यांचा क्रम वेगळा असतो. त्यातच क्रेची अपूर्णांक लिहिण्याची पद्धत त्याची स्वतःची होती आणि देशी यंत्रांतील प्रोसेसरची निराळी होती.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण वातावरणाच्या बाबतीत तो वाढत जातो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरून जुनेच गणित पुन्हा चालवले आणि थोड्याच वेळात दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी संबंध राहिला नाही. म्हणून नवे यंत्र बरोबर आहे की नाही हे ठरवताना केवळ शेवटचे चित्र जुळवून भागत नाही. पहिल्या काही टप्प्यांतील फरक अंक छाटण्यामुळे येणाऱ्या फरकाएवढाच आहे का, हे तपासावे लागते. फरक त्याहून मोठा असेल तर कोठेतरी चूक आहे, आणि ती बहुधा एखाद्या उशिरा पोहोचलेल्या संदेशात असते.

त्या काळच्या मॉडेलमध्ये खानदेश कोठे होता?

हा प्रश्न मला रावेर तालुक्यातील एका वयस्कर बागायतदारांनी विचारला आणि त्यानंतर मी प्रत्येक व्याख्यानात त्याचे उत्तर फळ्यावर काढून दाखवतो.

टी-८० च्या जाळ्यात दोन बिंदूंमध्ये सुमारे १.४ अंशांचे अंतर होते. आपल्या अक्षांशावर, म्हणजे २१ अंश उत्तरेच्या आसपास, ते पूर्व-पश्चिम सुमारे १४६ किलोमीटर होते. नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोकापासून जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकापर्यंतचा सारा खानदेश अडीच ते तीन अंशांच्या दरम्यान आहे. म्हणजे तीन जिल्ह्यांच्या वाट्याला त्या जाळ्यात जेमतेम दोन बिंदू येत होते. त्यातही मॉडेलला दिसणारी सर्वांत लहान लहर विषुववृत्तावर ५०० किलोमीटरची होती. एवढ्या मोठ्या लहरीत सातपुड्याची उभी भिंत, तापीचे खोरे आणि दक्षिणेकडील अजिंठ्याचे डोंगर वेगवेगळे दिसूच शकत नाहीत. मॉडेलच्या दृष्टीने तेथे एक हलकासा उंचवटा होता. नवापूर-धडगावकडे पडणारा भरपूर पाऊस आणि शिंदखेड्याकडची टंचाई त्याला एकाच रंगात दिसत होती. गारपिटीचा ढग काही किलोमीटरचा असतो आणि उन्हाळ्यात केळीच्या बागा आडव्या करणारे वादळ तासाभरात ओसरते. ती त्या जाळ्यातून निसटून जाणे अटळ होते.

मग त्याला दिसत काय होते? बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारताकडे सरकते आहे का, मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांब पट्टा, उत्तरेकडे गेला आहे का, अरबी समुद्रावरून येणारे वारे जोर धरत आहेत का, या मोठ्या हालचाली त्याला दिसत होत्या. आपल्याकडे जोराचा, सगळीकडे पडणारा पाऊस बहुतेक वेळा अशाच हालचालींतून येतो. त्यामुळे दोन बिंदूंचा अंदाजही खानदेशासाठी निरर्थक नव्हता. तो गावाचा अंदाज नव्हता, एवढेच.

त्याचा शेतकऱ्याला प्रत्यक्ष उपयोग झाला का?

दिल्लीच्या केंद्राने १९९१ पासून कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने कृषी हवामान सल्ला देण्यास सुरुवात केली. हे काम २००७ पासून भारतीय हवामान विभागाकडे आहे आणि आता मंगळवारी व शुक्रवारी जिल्हावार पत्रके निघतात. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, पाणी द्यावे की पावसाची वाट पाहावी, अशा निर्णयांना ती उपयोगी पडतात. मृगात दोन सरी पडल्या म्हणून कोरडवाहू कपाशी टोबावी का, हा आपल्याकडचा सर्वांत महागडा निर्णय आहे. दुबार पेरणी ज्याने सोसली आहे त्याला पाच दिवसांच्या अंदाजाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आजची स्थिती काय आहे?

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आणि आता नोएडात असलेल्या त्याच मध्यम पल्ला केंद्रात २०१८ मध्ये प्रत्यूष व मिहिर हे महासंगणक आले, आणि २०२४ मध्ये अर्क व अरुणिका. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडींची, आहे. जागतिक मॉडेलचे जाळे १२ किलोमीटरपर्यंत आणि मे २०२५ पासून भारत अंदाज प्रणालीत ६ किलोमीटरपर्यंत आले आहे. त्या जाळ्यात जळगाव आणि भुसावळ हे वेगवेगळ्या चौकोनांत पडतात आणि सातपुड्याला उंची मिळालेली आहे. ही सर्व यंत्रे बहुसंगणकच आहेत, आणि संदेशांची वाट पाहत थांबण्याचा प्रश्न त्यांच्यातही सुटलेला नाही. फक्त वाट पाहणाऱ्यांची संख्या चारवरून हजारोंवर गेली आहे.

विद्यार्थ्याला हे स्वतः करून पाहता येईल का?

नक्कीच येईल, आणि त्यासाठी महासंगणक लागत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील चार जुने संगणक एका नेटवर्क स्विचला जोडावेत, त्यांवर लिनक्स आणि एमपीआय ही संदेश पाठवण्याची मोफत प्रणाली बसवावी आणि वर सांगितलेला सरासरीचा प्रयोग फोरट्रान किंवा सी भाषेत लिहावा. आधी एका संगणकावर, मग दोन आणि चारवर चालवून प्रत्येक वेळी लागलेला वेळ वहीत नोंदवावा. जाळे लहान ठेवले तर चार संगणक एकट्यापेक्षा हळू चालतील. त्या वेळी प्रोग्राम चुकला असे समजून तो टाकून देऊ नये. जाळे दुप्पट, चौपट करत जावे आणि कोणत्या आकारापासून चौघे मिळून पुढे जाऊ लागतात ती जागा शोधावी.